पाच फटफट्या आणि एक प्रिया

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात. हवा थंड, पाणी गोड, आणि पुणं जवळ असलं तरी उठून अंगावर येण्याइतकं जवळ नाही. नोकरीभर बदल्या भोगलेल्या माणसाला आणखी काय हवं? तो इथं येतो, घर बांधतो, दारात आंबा लावतो. मग महिन्याभरात त्याच्या लक्षात येतं की सकाळी सहा ते रात्री दहा हा सगळा वेळ आता आपल्याच नावावर चढलेला आहे. या वेळाचं काय करायचं, याची साताऱ्यात ठरलेली उत्तरं आहेत. काही जण अजिंक्यताऱ्यावर चालायला जातात. काही जण सोसायटीचे अध्यक्ष होतात आणि शेजाऱ्यांना चालते करतात. आमच्या ओळखीतल्या सहा जणांनी मोटारसायकल क्लब काढला.

मी त्या क्लबचा सभासद नाही. माझ्याकडे मोटारसायकल नाही आणि ती घेऊ नये असं घरात दोन मतांनी, म्हणजे बहुमतानं, ठरलेलं आहे. मी सरांच्या येझदीवर मागं बसतो. क्लबच्या वहीत माझी नोंद 'सामान' या सदराखाली आहे. मागच्या सीटवरून मला सरांचं हेल्मेट आणि हेल्मेटखालून बाहेर आलेली माकडटोपी एवढंच दिसतं. पण ऐकू सगळं येतं, आणि या क्लबात बघण्यापेक्षा ऐकण्यासारखंच जास्त असतं.

क्लबला नाव नाही. नाव द्यायचं ठरलं होतं, पण 'अजिंक्य' म्हणावं तर गावात पतसंस्थेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे आधीच अजिंक्य आहेत. 'सह्याद्री'चं तेच. फोरमननी 'किक' हे सुटसुटीत नाव सुचवलं, तर सहापैकी तिघांना डॉक्टरांनी किक मारायला बंदी केल्याचं निघालं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि तिथंच तो सुखानं नांदतो आहे.

फोरमन म्हणजे एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांची राजदूत त्यांनी स्वतः इतक्या वेळा खोलून जोडलेली आहे की मूळ कंपनीनं आता तिच्यावर हक्क सांगू नये. सुभेदार अपशिंग्याचे. ज्या गावाला नुसतं अपशिंगे न म्हणता 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस फौजेत जातो, ते गाव. त्यांची बुलेट सुरू होताना बघणं म्हणजे संचलन बघणं. डीकॉम्प्रेसर दाबणार, ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणणार, श्वास रोखणार आणि एकच किक. दुसरी मारावी लागली तर त्या दिवशी सुभेदार कोणाशी बोलत नाहीत. रावसाहेब तहसीलदार होते; त्यांच्याकडे आरएक्स हंड्रेड आहे, सगळ्यांत वेगवान, पण हाताखालच्या माणसांच्या पुढं जायची सवय नसल्यानं ते कायम मागून, पाहणी करत येतात. सर इतिहासाचे, रयतच्या शाळांतून हयात गेलेली. वाळव्याचे आप्पा डिझेल बुलेटवाले. आणि कॅशियर काका. त्यांच्याकडे प्रिया आहे.

क्लबातला पहिला मोठा तंटा या प्रियेवरून झाला. प्रिया ही स्कूटर, आणि क्लब मोटारसायकलींचा. स्टेपनी बाळगणारं, सुरू होण्याआधी एका अंगावर कलंडून घेणारं वाहन रांगेत कसं शोभेल, असा सुभेदारांचा आक्षेप होता. कॅशियर काका शांतपणे उभे राहिले आणि त्यांनी हिशेब मांडला. येझदी म्हैसूरची. बुलेट मद्रासची, मग ती पेट्रोलवर चालो की डिझेलवर. राजदूत फरिदाबादेची. आरएक्सचं घराणं जपानी. आणि प्रिया? १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि प्रिया तयार होऊ लागली ती इथं, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. "क्लब साताऱ्याचा," काका म्हणाले, "त्यात साताऱ्यात जन्मलेली गाडी एकच. आणि नेमकी तिला तुम्ही दाराबाहेर उभी करता?"

सभेत शांतता पसरली. त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, हे सगळ्यांनीच भोगलेलं. मुलगा जन्मल्यावर नंबर लावला आणि स्कूटर त्याच्या मुंजीला आली, असं सांगणारे लोक अजून गावात आहेत. त्यातले निम्मे अतिशयोक्ती करतात, पण निम्मेच. शेवटी रावसाहेबांनी निर्णय दिला आणि तो वहीत त्यांच्याच अक्षरात आहे: 'प्रिया या वाहनास विशेष बाब म्हणून सामावून घेण्यात येत आहे. सदर निर्णय पूर्वोदाहरण म्हणून वापरता येणार नाही.' तेव्हापासून पाच फटफट्या आणि एक प्रिया, असा हा तांडा आहे.

दुसरा तंटा आप्पांचा. सभासद जन्मानं सातारा जिल्ह्याचा असावा, असा नियम सरांनी घातला होता. आप्पा इस्लामपूरचे, म्हणजे सरळसरळ सांगलीवाले. पण त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आणला. जन्मसाल १९५८, जन्मस्थळ इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा दक्षिण सातारा! खरीच गोष्ट आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा, आणि १९६० साली दक्षिणेचं नाव सांगली झालं. मधल्या अकरा वर्षांत जन्मलेल्या माणसांचा जिल्हा नकाशावरून नाहीसाच झालेला आहे. आप्पांनी ही जखम साठ वर्षं जपलेली होती. "नाना पाटलांचं प्रतिसरकार कुठल्या जिल्ह्यात झालं? साताऱ्याच्या का सांगलीच्या?" त्यांनी सरांना सवाल टाकला. १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता, हे सरांना मान्य करावं लागलं. "मग शेणोलीला पगाराची आगगाडी लुटली त्या टायमाला रूळ तुमचे होते, पर माणसं आमच्या अंगची होती. आता रुळावर एवढा ताठा कशाला?"

रूळ कऱ्हाड तालुक्यातले आहेत आणि कऱ्हाडकरांनी एमएच ११ सोडून स्वतःचा एमएच ५० मिळवलेला आहे, तेव्हा रूळ तरी आपले राहिले का, असा उपप्रश्न फोरमननी काढला. तो सुदैवानं कोणी धरून ठेवला नाही. आप्पांना सभासदत्व मिळालं. त्यांच्या डिझेल बुलेटचा आवाज वाळव्यातून निघाला की साताऱ्यात ऐकू येतो, अशी आवई आहे. मला एवढंच माहीत आहे की ती चालू असताना आप्पा जे बोलतात त्यातला प्रत्येक शब्द तीन-तीन वेळा हलतो.

महिन्यातून एका रविवारी, सकाळी सहाला पोवई नाक्यावर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी जमायचं. नाक्यावर आता जमिनीखालून रस्ते काढले आहेत. सोय उत्तम, पण जुन्या सातारकराला आपण एका तोंडातून आत गेलो की कुठल्या तोंडातून बाहेर येणार, याचा अंदाज अजून बसलेला नाही. कॅशियर काका एकदा कोरेगावला जायला म्हणून खाली उतरले आणि थेट आपल्या जुन्या बँकेसमोर निघाले. सवयीनं त्यांनी गाडी स्टँडवरही लावली होती.

आता कोणालाही वाटेल की हा क्लब लांबलांब जात असेल. लेहला नाही तर निदान गोव्याला. हा क्लब आजवर जिल्ह्याबाहेर गेलेला नाही आणि जाईल अशी चिन्हंही नाहीत. त्याला कारण सभासदांची वयं नव्हेत, गाड्यांचीही नव्हेत. कारण जिल्हा आहे. कोल्हापूरच्या दिशेनं निघा, पुण्याच्या दिशेनं निघा. चार-पाच किलोमीटर गेलं की इतिहास रस्त्यात आडवा उभा असतो. आणि आमच्यातला प्रत्येक माणूस त्याच्याशी आपापल्या खात्याच्या भाषेत बोलायला गाडीवरून उतरतो. सरांनी या लोकांना इतिहास शिकवायचा प्रयत्न सोडून दिला आहे. एस.टी., महसूल, फौज, बँक आणि शेती अशी पाच खाती मिळून आता सरांना इतिहास शिकवतात.

उदाहरणार्थ लिंब. महामार्गावरून आत वळलं की शेतांमध्ये बारा मोटांची विहीर लागते. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहीर कसली, जमिनीत उतरवलेला वाडाच. अष्टकोनी, शंभरावर फूट खोल; पायऱ्या उतरून गेलं की पाण्याच्या अंगाला चक्क बसायचा महाल, कोरीव खांबांचा. वर बारा मोटा चालायच्या आणि आमरायांना पाणी जायचं. सर वीरूबाईंवर बोलायला घसा साफ करतच होते, तोवर फोरमन विहिरीला एक फेरी मारून आले. त्यांचा चेहरा पालटला होता.

"सर, बारा सिलिंडर हायती."

एका मोटेला एक बैलजोडी धरली तरी चोवीस बैल, त्यांनी बोटं मोडली. बाराही मोटा एकदम वर आल्या तर थारोळ्यात दंगा होणार. म्हणजे एक वर येताना दुसरी खाली, तिसरी निम्म्यात, अशी पाळी लावलेली असणार. पाळी म्हणजेच फायरिंग ऑर्डर. "ही ज्यानं लावली त्यो माणूस मला डेपोत पायजे होता," असं म्हणून ते दगडी काठावर ओणवून दोराच्या घासलेल्या खुणा पाहत बसले, बुशिंग झिजलंय का ते बघितल्यासारखे. काकांनी विचारलं, खर्च किती आला. रावसाहेबांनी विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर आहे. सुभेदारांनी जिना पाहिला आणि इथं चार माणसं ठेवली तर चारशे अडवता येतील, असा निर्वाळा दिला. सरांनी आपला घसा तसाच गिळला. मला वाटतं, वीरूबाईंना एवढी बारकाईनं पाहणारी मंडळी बऱ्याच वर्षांत भेटली नसतील. फोटो काढून पाच मिनिटांत परत फिरणारे रोज भेटतात.

सातारा रोडला गेलो तेव्हा मात्र आप्पांचा दिवस होता. सातारा रोड म्हणजे साताऱ्याचा रस्ता नव्हे, तर कोरेगाव तालुक्यातलं स्टेशन आणि त्याच्या भोवतीचं गाव. रेल्वेनं साताऱ्याला यायचं तर लोक पूर्वी तिथं उतरत. तिथं धनजीशा कूपर या साताऱ्याच्या पारशी गृहस्थांनी १९२२ साली कारखाना घातला. आधी लोखंडी नांगर काढले, मग डिझेल इंजिनं. आपल्या देशात अगदी सुरुवातीला जी डिझेल इंजिनं तयार झाली त्यांत कूपरचं इंजिन येतं. मोटेचा बैल सुटला आणि विहिरीवर फुक-फुक करणारं इंजिन बसलं, ही पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीतली केवढी मोठी उलथापालथ! पण लढाई नाही, तह नाही, म्हणून ती शाळेच्या पुस्तकात नाही. सरांच्याही बोलण्यात ती कर्मवीर भाऊराव पाटलांमुळं आली. अण्णा आधी किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव हिंडले आणि पुढं कूपरच्या कारखान्यातही होते. रयत शिक्षण संस्थेचा पसारा त्याच काळात वाढत होता.

आप्पांनी डिझेल बुलेट बंद केली नाही. कारखान्याच्या दिशेला तोंड करून त्यांनी ती तशीच धडधडत उभी ठेवली. लेकीला आजोळी आणावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले," सर त्या धडधडीवर आवाज चढवून म्हणाले. "प्रांताचे पहिले. एप्रिल ते जुलै. मग बाळासाहेब खेर आले."

"साडेतीन महिने?" कॅशियर काका म्हणाले. "आमच्याकडं प्रोबेशनच सहा महिन्यांचं असायचं."

हा जिल्हा मुख्यमंत्री पिकवतो, यावर सभासदांचं एकमत आहे. यशवंतराव चव्हाणांपासून यादी सुरू झाली की प्रत्येकाचा ऊर भरून येतो, आणि बहुधा त्याच सुमाराला पुढचं चाक खड्ड्यात जातं.

अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते, पण राजदूत वाटेत तापते. ती निवेपर्यंत मंगळाईच्या बाजूला तोंड करून बसायचं आणि औरंगजेबाला दोष द्यायचा, असा रिवाज आहे. १६९९ च्या डिसेंबरात बादशहा स्वतः या किल्ल्याला वेढा घालून बसला. किल्ल्याचा हवालदार प्रयागजी प्रभू. महिने गेले, किल्ला हलेना. तेव्हा मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली दोन सुरुंग खोदले. १७०० च्या एप्रिलात पहिला उडाला, तो आतल्या बाजूला. तटावरची माणसं गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गेले आणि नंतर त्यांना उकरलं तर जिवंत निघाले! इथं सुभेदार प्रत्येक वेळी उठून उभे राहतात. मोगलांनी एल्गार केला, बुरुजाखाली गर्दी झाली आणि त्यांच्या डोक्यावर दुसरा सुरुंग उडाला, उलट्या बाजूला. त्यांची त्यांचीच दीड-दोन हजार माणसं गेली, असं सांगतात.

"टायमिंग ॲडव्हान्स झालं," फोरमन म्हणाले. "ठिणगी येळंच्या आदी पडली की मागं दणका देतंय. माझ्या पायाला इचारा." राजदूतच्या उलट्या किकनं त्यांचा घोटा एकदा सुजलेला आहे, त्यामुळं या विषयात त्यांच्या शब्दाला वजन आहे. किल्ला शेवटी मोगलांनी घेतला तो तहानं, दारूनं नव्हे. आणि पुढं ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला.

पण मंडळींना खरं कुतूहल वेगळंच होतं. काकांनी विचारलं, "तेव्हा त्याचं वय काय?"

सरांनी हिशेब केला. जन्म १६१८. म्हणजे एक्क्याऐंशी.

एक्क्याऐंशी! दिल्ली सोडून, गुडघे घेऊन, सह्याद्रीत तंबू ठोकून हा माणूस बसला होता. सहा पेन्शनर काही वेळ गप्प राहिले. त्यांना बहुधा पहिल्यांदाच बादशहाची काळजी वाटली. "घरातलं कुणी काही म्हणत नव्हतं का त्याला?" काकांनी विचारलं. रावसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला. "सेवानिवृत्तीचं वय ठरवून दिलेलं नसलं की असं होतं," ते म्हणाले. दख्खनच्या मोहिमेवर मी बरंच वाचलेलं आहे. एवढं नेमकं कारण कोणी दिलेलं आठवत नाही.

चार भिंतीला मात्र कोणी विनोद करत नाही. किल्ल्याच्या उतारावर, गावाच्या डोक्यावर ही जागा आहे आणि सत्तावनच्या हुतात्म्यांचं स्मारक तिथं आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगाही होता. रंगो बापूजी स्वतः सापडले नाहीत, कधीच.

रंगो बापूजींची आधीची गोष्ट सर सांगतात तेव्हा रावसाहेब हळूच बाजूला होतात. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांचा वकील म्हणून लंडनला गेले आणि कंपनीच्या दारात चौदा वर्षं खेटे घालत राहिले. अर्ज केले, भाषणं केली, छापून वाटलं, कर्ज झालं. मधल्या काळात महाराज काशीलाच वारले, १८४८ साली डलहौसीनं वारस नाही म्हणून अख्खं साताऱ्याचं राज्य खालसा केलं, आणि हा माणूस तरी अर्ज करतोच आहे. 'आज साहेब नाहीत, उद्या या' हे वाक्य त्यांनी टेम्सकाठी किती वेळा ऐकलं असेल! पहिल्यांदा ही गोष्ट ऐकून झाली तेव्हा रावसाहेब आरएक्सच्या आरशात बघत म्हणाले, "माझ्या टेबलावर एक होतं प्रकरण. वारस नोंदीचं. माण तालुक्यातला म्हातारा होता." पुढं ते बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. मात्र त्यानंतरच्या सभेत पुढं ढकललेले सगळे विषय त्यांनी एका बैठकीत निकाली काढले. एक क्लबच्या नावाचा तेवढा राहिला. त्यात वारस सहा होते.

कासला आम्ही एकदाच गेलो. यवतेश्वराचा घाट चढेपर्यंत दोन-ठोक्यांच्या चार गाड्यांनी जो धूर सोडला त्यानं पठारावर फुलं आहेत की धुकं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथं पुण्याहून आलेली तरुण मंडळी भेटली; गुडघ्याला ढाली, छातीला कवच, हेल्मेटवर कॅमेरा. त्यांतल्या एकानं येझदी पाहून आदरानं विचारलं, "अंकल, किती देते?" सरांना वाटलं, इतिहासाबद्दल विचारतोय. १७०८ साली शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला तिथून त्यांनी सुरुवात केली. मुलगा बिचारा सुसंस्कृत घरातला असावा, उभा राहिला. दरम्यान त्याचे मित्र महाबळेश्वर पाहून परत आले, असं मी म्हणणार नाही. पण चहा पिऊन नक्कीच आले. ती सगळी कथा त्याच्या कॅमेऱ्यात आहे. कोणाला मराठा इतिहासाचं अव्वल साधन हवं असेल तर त्यानं त्या मुलाला गाठावं.

गेल्या महिन्यात माहुलीला जायचं ठरलं. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, गावापासून पाच-सहा किलोमीटर. इतकं जवळ ठेवण्याचं कारण वहिनी. सरांच्या घरून वहिनींनी पहिल्यांदाच येण्याची इच्छा दाखवली होती, आणि ती अशी: "ताराबाई त्या काळात घोड्यावर बसून राज्य चालवायच्या. त्यांची समाधी माहुलीला आहे, ती मला बघायची आहे. आणि मी तुमच्या मागं माकडटोपी बघत येणार नाही." मी मान खाली घातली. त्या आपली ॲक्टिव्हा घेऊन आल्या, बटण दाबलं, आणि सुभेदारांचा काटा मध्यावर यायच्या आत कोरेगावच्या रस्त्याला लागलेल्याही होत्या. क्लबच्या घटनेत ॲक्टिव्हाबद्दल काहीच नाही. रावसाहेबांनी वही उघडली आणि परत मिटली.

आम्ही माहुलीत शिरलो तेव्हा घाटाकडं जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा बसलेला होता. तांबूस, एक कान तुटका, चेहऱ्यावर सरकारी शांतपणा. येझदीचा हॉर्न वाजला. आप्पांची डिझेल बुलेट सहा फुटांवर येऊन धडधडायला लागली, घरांच्या खिडक्या थरथरल्या, कुत्र्यानं फक्त तोंड फिरवलं. फोरमन हाकलायला उतरणार, तोच सरांनी त्यांचा दंड धरला.

"इथं नको. हे गाव खंड्याचं आहे."

मग उतरून गोष्ट झालीच. शाहू महाराजांचा आवडता कुत्रा खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, म्हणून इथं नदीकाठी त्याची समाधी आहे. महाराजांनी त्याला भर दरबारात जरीची वस्त्रं आणि दागिने घालून, वर आपली पगडी ठेवून बसवला होता, त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली होती आणि पालखीचा मान दिला होता. ही गावगप्प नव्हे, सर म्हणाले; ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता, त्यानं मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत नोंदवली आहे, आणि तो ग्रंथ १८२६ चा.

रस्त्यावरच्या कुत्र्याकडं सगळ्यांनी नव्या नजरेनं पाहिलं. सुभेदार नकळत सावधानमध्ये आले.

"जहागीर आता नाही," रावसाहेबांनी मोडता घातला. "वैयक्तिक इनामं नष्ट करण्याचा १९५२ चा कायदा आहे. वंशज असला तरी रस्त्यावर हक्क पोचत नाही."

"पर त्येला नोटीस काढली हुती का?" आप्पांनी विचारलं.

"जहागीर गेली असेल," कॅशियर काका प्रियेवरून उतरत म्हणाले, "पण तनखा चालू असणार. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलाय का, एवढंच बघायचं."

हयात तर दिसतोय, असं फोरमन म्हणाले. कुत्रा उठला. त्यानं अंग ताणलं, पाहणी करावी तसा पाचही फटफट्यांच्या चाकांना एकेकदा नाक लावत गेला, शेवटी प्रियेपाशी थांबला, आणि साताऱ्यात जन्मलेल्या त्या एकुलत्या एका गाडीच्या मागच्या चाकावर त्यानं पाय वर केला.

"सही झाली," काका म्हणाले.

रावसाहेबांनी खिशातून पेन काढलं. "साक्षांकन कोण करतंय?"